सुटल्यावर पत्र लिही

राधाबाई गेल्याचं तुळशीदासला घोडपदेवच्या गोदामावर, राखणीला बसला असताना कळलं. कळलं तेव्हा त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता तिला आपल्या मुलाचं, चंदूचं, कधीच कळणार नाही. बरं झालं.

रडू त्याच्या मागून आलं. ते खरं होतं आणि पुढे बारा दिवस पुरलं. पण पहिली गोष्ट ती पहिलीच. ती कुणी ऐकली नव्हती, तरी तुळशीदासला वाटत राहिलं, की समोर उभ्या वसंतने ती ऐकली.

वसंत सायकल हातात धरून चालत आला होता. चाकात हवा होती, चेनही जागेवर होती, तरी चालत. ते लांबून बघूनच तुळशीदास स्टुलावरून उठला.

"बाबा, घरी चला."

"कधी?"

"साडेदहाला. शेवंता होती जवळ."

"काही बोलली?"

वसंतने मान हलवली. "शेवंताला विचारलंन, पोस्टमन येऊन गेला का. नेहमीचंच."

परळच्या हॉस्पिटलात तीन महिने ती हेच विचारत होती. तुळशीदास संध्याकाळी पेजेचा डबा घेऊन गेला, की ती आधी डब्याकडे नाही, त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघायची. "काय? पोस्टमन?" एवढंच. चंदूचं नाव घ्यायची नाही. आणि तो म्हणायचा, "नाही गं." हे खोटं नव्हतं. सात वर्षांत पत्र आलं नव्हतं. का आलं नव्हतं, ते तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवला नाही. गावाहून तुळशीदासचा धाकटा भाऊ लवू आला होता, तो अशा गोष्टींतला जाणता. त्याने हात जोडून मोठ्याने सांगितलं, "वैनी, चंदूक हुडकून काढतंव. तू जा सुखान." कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते. एक हलला नाही. वसंतने सांगून बघितलं, शेवंताने सांगून बघितलं. मग सगळे तुळशीदासकडे बघू लागले. त्याने हात जोडले, तोंड उघडलं, आणि तोंडातून शब्द फुटेना. भाऊ रडतोय असं लवूला वाटलं. त्याने दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे टॅक्सीने लालबागला परतले.

तेराव्याचं जेवण चाळीतच केलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि खीर. शेजारपाजारचे जेवून गेले, पानं उचलली गेली आणि खोलीत घरचीच माणसं राहिली. लवू भिंतीला टेकून सुपारी कातरत होता. लेक शेवंता घोडपदेवला दिलेली, ती मोरीशी भांडी घासायला बसली होती आणि वसंतची बायको मृणालिनी ती विसळून घेत होती. मृणालिनी दादरची, मॅट्रिक झालेली. सासूला संध्याकाळी पेपर वाचून दाखवायची, म्हणून सासूची लाडकी. वसंत स्टुलावर चढून फोटोची फ्रेम काढत होता.

घरात काचेची फ्रेम एकच. तिच्यात तुळशीदास-राधाबाईच्या लग्नाचा फोटो होता. राधाबाईचा एकटीचा फोटो काल मोठा करून आणला होता, तो आज लावायचा, आणि नवी फ्रेम रविवारनंतर मिळणार होती.

"राहू दे रे ती," तुळशीदास म्हणाला. "नवी येईपर्यंत फोटो पाटावर ठेवू."

"पाटावर कशाला? हार घालायचा कसा?"

"राहू दे म्हटलं ना."

वसंतने वळून बघितलं. बाप असा कधी तोडून बोलत नसे. त्याने फ्रेम खाली उतरवली, पण उघडली नाही. कपाटावर पालथी ठेवली.

"चंदूचो फोटो आसा काय खय?" लवूने विचारलं. "पेपरात देऊया. हरवलो म्हणान."

"हरवलेला नाही तो, काका," वसंत म्हणाला. "हरवलेला माणूस शोधायचा. हा बोटीवरून उतरून गेला. मजेत असेल कुठेतरी. संपाच्या दोन वर्षांत आईने हिंदू कॉलनीत चार घरची भांडी घासली, तेव्हा एक कार्ड नाही. हॉस्पिटलात होती, एक कार्ड नाही. मला त्याचं नावपण नको."

"वसंतदादा, आजच्या दिवशी तरी," शेवंता म्हणाली.

"आजच्या दिवशीच बोलतो. पिंडाला कावळा शिवला नाही, कुणामुळे?"

"ताही खरा," लवू म्हणाला. "पॉर निर्दय निघाला. दादा, तुका काय वाटता?"

तुळशीदास म्हणाला, "काय वाटायचंय."

त्याला बोलायची सवयच नव्हती. पंचवीस वर्षं तो गिरणीच्या सांचा खात्यात, मागांच्या खडखडाटात वावरला होता. तिथे माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची. घरातही त्याच्या ओठांवरून ओळखायची एकच बाई होती, आणि तिच्यासमोर तो सात वर्षं ओठ मिटून राहिला होता.

इतक्यात दारात कुणीतरी चपला काढल्या.

"येऊ का, काका?"

माझगावच्या कोळीवाड्यातला दत्तू होता. बोटीवर फिटर. चंदूला ऐंशी साली मालवाहू बोटीवर चिकटवला तो यानेच. तुळशीदासने त्याला बघितलं आणि नजर खाली घेतली. गेली सात वर्षं दत्तू रस्त्यात दिसला, की तो पलीकडच्या फुटपाथला जायचा.

"परवाच उतरलो," दत्तू म्हणाला. "काल मार्केटात कळलं, काकी गेली. वाईट झालं. फार वाईट झालं, काका. मी काकीसाठीच येणार होतो." त्याच्या काखेत खाकी कागदाचं पुडकं होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. "हे चंदूने दिलंय. आईसाठी."

शेवंताच्या हातातलं पातेलं मोरीत पडलं.

"कोणी दिलंय?" वसंतने विचारलं.

"चंदूने. तुमच्या चंदूने. मागच्या भादव्यात भेटलो ना. आमची बोट हॉलंडला दुरुस्तीला लागली होती. धक्क्यावर उभा होतो, तर एका लांबड्या सपाट बोटीवरून हाक, दत्तू रे. बघतो तर हा. मालकाबरोबर रेतीची बोट घेऊन खाली आला होता. मग आमच्या साहेबाला विचारून गेलो त्याच्याबरोबर. पाच दिवस नदीतून वर वर. समुद्र नाय, काय नाय, नुसती नदी. त्याचं गाव फ्रान्समध्ये. स्ट्रासबुर्ग."

"त्रासबुर्ग?" शेवंता म्हणाली.

"त्रास कसला? मजेत आहे पोरगा. जुनं गाव आहे. गावाला नदीचा वेढा, आणि मध्ये कालवे. घरं पाण्यातून वर आल्यासारखी, लाकडी पट्ट्यांची. वर उंच उंच माळे. पूर्वी तिथे कातडी वाळत घालायची, आता खिडक्यांत लाल फुलं. पाण्यावर चालणाऱ्या जुन्या गिरण्या आहेत, पिठाच्या. आणि देऊळ आहे, लाल दगडाचं, एवढं उंच की टोपी पडेल. एकच मनोरा. दुसरा बांधायचा होता तो राहूनच गेला. पाचशे वर्षं लोक तसंच बघतायत, कुणाला काय वाटत नाय."

मृणालिनीने त्याला पाट दिला, पाणी दिलं. लवू सुपारी विसरून पुढे सरकला. तुळशीदास जागचा हलला नाही. सुटला असेल, तो मनाशी म्हणत होता. शिक्षा संपून सुटला असेल आणि मग कामाला लागला असेल. दत्तूला ठाऊक नसेल. देवा, दत्तूला ठाऊक नसू दे.

"करतो काय तिथे?" वसंतने विचारलं.

"लॉकवर आहे ना. पहिल्यापासून. बोटीवर अधूनमधून. आता कायम झाला."

वसंतला काही कळलं नाही. पण तुळशीदासने मान वर केली. "लॉकवर?"

"हां. लॉकवर."

"लॉकमध्ये म्हणजे आतच की."

"आत म्हणजे काय, काका, आत-भायेर सगळं तोच बघतो. दार उघडणारा तोच."

"पोलिसांचं," तुळशीदास म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "पोलिसांचं लॉक ना ते?"

दत्तूने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आपली कुणीतरी गंमत करतंय असं त्याला वाटलं. "पोलिसांचं कशाला? पाण्याचं. आमच्या गोदीत नाय का? भरती-ओहोटीला बोट आत घ्यायची, तर दोन दरवाजे असतात. माझगावात शेंबडं पोर सांगेल लॉक म्हणजे काय." आणि तो उठला. "थांबा, दाखवतो. वहिनी, ती करवंटी द्या बघू."

तो मोरीत वाकला. मोरीच्या भोकाशी बोळा पडलेला होता. राधाबाईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा. पाणी कमी आलं, की ती त्याने भोक बुजवायची, मोरीत वीतभर पाणी साठवायची, त्यात कपडे खंगाळायची आणि मग बोळा काढून पाणी सोडून द्यायची. दत्तूने बोळा भोकात कोंबला, करवंटी खाली ठेवली आणि बादलीतलं पाणी ओतत गेला. करवंटी डुलली, सुटली, वर वर येऊन मोरीच्या कट्ट्याला लागली.

"ही बोट. खालच्या पाण्यातून आली. मागचं दार लावलं. पाणी भरलं. आता आली वरच्या नदीच्या पातळीला. पुढचं दार उघडा, की गेली." त्याने बोळा ओढला. पाणी घळघळत गेलं आणि करवंटी हळूहळू तळाला जाऊन बसली. "आणि ही वरून खाली. दिवसभर हेच. बोटीला जिना आहे म्हणा ना. बाजूला एक पूल आहे, तो फिरवून आडवा करायचा, तेपण काम त्याचंच. परदेशातली माणसं होडीत बसून बघायला येतात, ह्याला हात करतात."

"आई रोज हेच करायची," शेवंता म्हणाली.

तुळशीदास बोळ्याकडे बघत होता.

"आता मला एक सांगा," दत्तू हात पुसत म्हणाला, "संप सुटला की नाय?"

"कुठला संप?"

"आपला. गिरणीचा. चंदू भेटला की पहिलं हेच. म्हणे, बाबांनी कळवलंय, सुटल्यावर पत्र लिही, तोवर लिहू नको. ते पत्र पाकिटात घालून फिरतो अजून. त्याला वाटलं, संपात घरी उपास, पोस्टमन आला की चाळीतली माणसं विचारणार, पोरगा परदेशात, काय पाठवलं. म्हणून बाबा म्हणतायत, सुटू दे. मी म्हटलं, अरे, तो संप कुणी मागे घेतलाच नाय. अर्ध्या गिरण्या चालू, अर्धी माणसं भायेर. तर म्हणतो, म्हणजे सुटला नाय ना? मग कसं लिहू?" दत्तू हसला. "असला येडा आहे. मला म्हणाला, तू जाऊन बघ. सुटला असेल तर आईला हे दे."

बाकी कुणी हसलं नाही. दत्तूचंही हसणं मग विरलं.

वसंत हळूच म्हणाला, "बाबांनी कळवलंय?"

लवू लगेच पुढे झाला. "खयचो दादा कळवतलो? दादाक पत्तो ठावक नाय. कायतरी घोटाळो आसा ह्या पोराचो. दादा, सांग त्येंका."

भावाचा हात तुळशीदासच्या खांद्यावर होता. तो हात तिथे असेपर्यंत खोटं बोलणं सोपं होतं. मी नाही लिहिलं, एवढं म्हटलं असतं तर लवूने पुढचं सगळं भांडण अंगावर घेतलं असतं. दत्तू कोळीवाड्याला निघून गेला असता, आणि वसंतचा राग जिथे होता तिथेच राहिला असता, समुद्रापलीकडे. तुळशीदासने हे सगळं बघितलं, आणि आपण ते बघतोय याचीच त्याला किळस आली.

"वसंत, ती फ्रेम दे," तो म्हणाला.

लग्नाच्या फोटोमागचे चार खिळे त्याने सुपारीच्या अडकित्त्याने काढले. पुठ्ठ्यामागे एक निळं पत्र होतं आणि एक चित्राचं कार्ड. ती त्याने कुणाच्या हातात दिली नाहीत. पाटावर, राधाबाईच्या फोटोशेजारी ठेवली.

"संपातली आहेत. ब्याऐंशीचा एप्रिल."

मृणालिनीने पत्र उचललं आणि सासूला पेपर वाचून दाखवायची तशीच मोठ्याने वाचू लागली.

"तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. मागच्या पत्रात सगळं सविस्तर लिहिलंच आहे. आता मी स्ट्रासबुर्गला लॉकमध्ये आहे. निदान एक वर्ष तरी इथे काढावं लागेल. सकाळी सहाला उठायचं. दिवसभर तेच, दार उघडायचं, दार लावायचं. जेवण वेळेवर मिळतं. रविवारी आळीपाळीने बाहेर सोडतात. माझ्याबरोबर एक पोर्तुगीज आणि एक अल्जेरियाचा आहे, माणसं चांगली आहेत. साहेब म्हणतो, नीट वागलास तर तुझं काहीतरी बघू. आईला वाचून दाखवा, पण थंडीचं सांगू नका, काळजी करेल. चाळीत कुणाला बोलू नका, अजून पक्कं नाही. आपला आज्ञाधारक, चंदू."

 प्रत्येक जण ते पत्र आपल्या मनाशी दोनदा वाचत होता, एकदा तुळशीदाससारखं आणि एकदा चंदूसारखं.

"त्याच्या आधी आठवडाभर," तुळशीदास म्हणाला, "मी भोईवाड्याच्या लॉकअपमधून सुटून आलो होतो. संपात धरलेलं, तीन दिवस होतो. आपल्या चाळीतले अकरा जण होतो. लॉकअपला सगळे लॉकच म्हणायचो. तुमच्या आईने दारात ओवाळलंन मला. मग हे पत्र आलं. मी जिन्यातच पोस्टमनकडून घेतलं, जिन्यातच वाचलं. मला वाटलं, मी आत गेलो तो मान वर करून, आणि हा काहीतरी करून आत गेलाय. चोरी, दारू, काय ते लिहिलं नाही, म्हणजे लिहिण्यासारखं नसेल. वर आलो. आईने विचारलंन, कुणाचं? मी म्हटलं, युनियनचं."

"आणि हे?" वसंतने कार्ड उचललं. त्यावर पाण्यात उभे दगडी बुरूज होते, जाड भिंतींचे. खिडक्या हाताएवढ्या.

"पंधरा दिवसांनी आलं. मागे लिहिलंय, मी याच्याजवळच राहतो. ते बघून माझी खात्रीच झाली."

दत्तूने कार्डाकडे बघितलं. "काका, तुम्ही अगदीच चुकला नाय," तो बिचकत म्हणाला. "ते बुरूज खरंच पूर्वी तुरुंग होते. चंदूनेच दाखवले मला."

शेवंता हसली आणि हसता हसताच तिने पदर तोंडाला लावला.

"मग पत्रात काय लिहिलंत?" मृणालिनीने विचारलं.

"दोन ओळी. तुझं पत्र पोचलं, समजलं. सुटल्यावर पत्र लिही, तोपर्यंत लिहू नको. खाली बाबा लिहिलं नाही. सही केली. तुळशीदास रघुनाथ घाडीगावकर."

"आणि तो सात वर्षं थांबला," वसंत म्हणाला.

तो स्टुलावरून उतरला होता. मघाशी ज्याचं नाव नको म्हणाला, त्याचं कार्ड त्याच्या हातात होतं आणि ते ठेवायला त्याला जागा सापडत नव्हती. लवूने भावाच्या खांद्यावरचा हात काढला होता. कधी काढला ते तुळशीदासला कळलं नाही, फक्त तिथे गार लागलं.

"कोणाक तरी विचारायचास," लवू म्हणाला. "दादा, एका माणसाक. ह्या दत्तूक. लालबागेतसून माजगाव किती? चलत गेलंस तरी अर्धो तास."

"विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं."

"तुम्ही मला बघून रस्ता ओलांडायचात," दत्तू म्हणाला. "मला वाटायचं, पोराला बोटीवर चढवला म्हणून राग आहे."

"राग होता. तुझ्यामुळे बिघडला असं वाटायचं." तुळशीदासने दत्तूकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "चुकलो रे."

"एवढं तरी कसं सुचलं नाही, बाबा?" शेवंता म्हणाली. "आत टाकलेला माणूस म्हणेल का, जेवण वेळेवर मिळतं?"

"भोईवाड्यात मिळायचं," तुळशीदास म्हणाला. ते खरंच होतं. पण बोलल्यावर त्याला वाटलं, बोललो नसतो तर बरं.

मृणालिनी पत्र पुन्हा बघत होती. "यात मागच्या पत्राचं लिहिलंय. सगळं सविस्तर, म्हणतायत. ते कुठे आहे?"

"हां, ते मोठं होतं," दत्तू म्हणाला. "सात पानांचं. लॉकचं चित्र काढून पाठवलं होतं म्हणाला. दारं, पाणी, बोट, सगळं. बाबा मागवाले, त्यांना यंत्राचं आवडेल म्हणून."

"ते आलं नाही," तुळशीदास म्हणाला.

सगळे फ्रेमकडे बघू लागले.

"ते आलंच नाही," तो पुन्हा म्हणाला. "आलं असतं तर मला कळलंच असतं ना. ते पोस्टात कुठेतरी गेलं."

वसंतने फ्रेम हातात घेतली. काही न बोलता पुठ्ठा पूर्ण बाहेर काढला, लग्नाचा फोटो काढला, काच काढली. मागे काही नव्हतं. मग त्याने शेवंताकडे बघितलं आणि शेवंताने कपाटाकडे.

"खरंच आलं नाही, बाबा?" तिने विचारलं. आवाज मऊ होता. आजाऱ्याला विचारावं तसा.

त्या दिवशीची सगळ्यात वाईट गोष्ट ती होती. शिव्या दिल्या असत्या तर त्याने खाल्ल्या असत्या. पण तो आता खरं बोलत होता आणि ते खरं मानायला घरात कुणी उरलं नव्हतं. एकच बाई मानली असती. तिला सांगायचे दिवस निघून गेले होते.

"नाही आलं," तो म्हणाला.

दत्तूने पुडकं पुढे सरकवलं. "हे तरी बघा."

आत कापड होतं. जाड, पांढरं, त्यावर निळ्या-लाल चौकड्या. तुळशीदासची बोटं आपोआप त्यावर गेली. त्याने किनार उलटली, अंगठ्याच्या नखाने ताणा मोजला, बाणा मोजला, कापड उजेडासमोर धरलं. सुती नव्हतं, तागाच्या जातीचं होतं. हातमागाचं. कुठे तार सुटलेली नव्हती.

"तिकडचंच आहे," दत्तू म्हणाला. "चंदू म्हणाला, आईला दे, पण आधी बाबांच्या हातात दे. ते बघतील, कसं विणलंय."

"चांगलं विणलंय," तुळशीदास म्हणाला. पंचवीस वर्षांत हजारो वार कापड तपासलेला माणूस, त्याने चांगलं म्हटलं तर त्यावर कुणी बोलत नसे. आजही कुणी बोललं नाही. त्याने कापडाची घडी तिच्याच घडीवर पुन्हा घातली.

"मी जातो गुरुवारी," दत्तू म्हणाला. "पुन्हा हॉलंडच. चंदूला निरोप पोचवीन. सांगू का मीच, काकीचं?"

"मी लिहितो," वसंत म्हणाला. "आत्ता लिहितो. तो बिचारा..." त्याने कार्ड पुन्हा उचललं. "मी त्याला काय काय बोललो."

"तू नको रे, वसंता," लवू म्हणाला. "मी मोठो. मी लिवतंय."

"काका, तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नाही," मृणालिनी म्हणाली. "मी लिहिते, सगळ्यांनी सांगा."

मघाशी चंदूच्या विरुद्ध असलेलं घर आता चंदूच्या बाजूने भांडत होतं, कुणी लिहायचं म्हणून. तुळशीदास ते ऐकत होता. त्या भांडणात त्याला कुणी विचारत नव्हतं. राधाबाई असती तर म्हणाली असती, ज्याने थांबवलं त्यानेच लिहायचं.

"मी लिहिणार," तो म्हणाला.

 वसंतने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "लिहा. पण पाकीट मी बंद करणार. वाचून."

"वाच," तुळशीदास म्हणाला. "हवं तर मोठ्याने वाच."

दत्तू गेला. शेवंताने भांडी आटपली, राधाबाईचा फोटो फ्रेमीत बसवला, लग्नाचा फोटो तिच्याच मागे ठेवला आणि खिळे लावले. हार घातला. जाताना ती बापाच्या पाया पडायची तशी पडली, पण नेहमीसारखं "येते हं, बाबा" म्हणाली नाही. लवू गॅलरीत जाऊन बसला. दोघे भाऊ एका घरात असून त्या संध्याकाळी एकमेकांशी बोलले नाहीत, असं आधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीदासने पोस्टातून परदेशी पत्राचा निळा कागद आणला. पत्ता दत्तूने लिहून दिला होता, तो अक्षर अक्षर बघून उतरवला. आत लिहिलं, चिरंजीव चंदूस अनेक आशीर्वाद. आशीर्वाद खोडला नाही, पण त्याच्याकडे बघत बसला. पुढे दोन गोष्टी लिहायच्या होत्या. आई गेली, ही एक. आणि ती का वाट बघत गेली, ही दुसरी. पहिली आधी लिहावी तर पोराला वाटेल, बाप दुःख पुढे करून तोंड लपवतोय. दुसरी आधी लिहावी, तर पोरगा आईला पत्र लिहायला धावेल, आणि खालच्या ओळीत आई नसेल.

शिवाय त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. संप सुटला का. त्याचं उत्तर लालबाग-परळात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मृणालिनीने चहा ठेवला. कागदाकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मग मोरीत जाऊन तिने भोकात हिरवा बोळा बसवला आणि नळाखाली कपडे घातले. पाणी चढू लागलं.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी दत्तूने जिन्याखालून हाक मारली, तेव्हा कागदावर आशीर्वादाच्या पुढे काही नव्हतं. वसंत खाली जाऊन त्याला म्हणाला, पोस्टाने पाठवतो आम्ही. आणि आमचं पत्र पोचेपर्यंत तू त्याला काही सांगू नको.

दत्तू कसलाही निरोप न नेता बोटीवर गेला. चंदूला आई गेल्याचं अजून कळवलेलं नाही.